गाडीचा ब्लोअर बंद पडतो तेव्हा : भाग बदलण्याआधी कारण शोधा

आपल्या समाजातील पुष्कळ तरुण गॅरेज लाईनमध्ये आहेत. कोणी वायरिंग करतो, कोणी एसीचे काम करतो, कोणी बॅटरीचे दुकान टाकून बसला आहे. दुसऱ्या बाजूला आपले व्यापारी बंधू. वसुलीसाठी, माल पाहण्यासाठी आणि पोहोचवण्यासाठी त्यांची गाडी आठवड्यातले पाच-सहा दिवस रस्त्यावर असते. या दोघांची गाठ ज्या कामांवरून पडते, त्यांत गाडीच्या ब्लोअरचे काम नेहमीचे. गिऱ्हाईक म्हणते, "ब्लोअर गेला." कारीगर म्हणतो, "मोटार बदलावी लागेल." या दोन वाक्यांच्या मध्ये जी तपासणी व्हायला हवी, ती बहुधा होत नाही. आजचा धडा त्या तपासणीचा आहे.

कापडाचा माणूस मोटारीवर का लिहितो, असे कोणी विचारील. लिहिण्याचे कारण असे की दोष शोधण्याची रीत दोन्ही धंद्यांत एकच आहे. ताक्यात लांबीने एकसारखी रेघ उठली असेल, तर दोष ताण्यात किंवा फणीत असतो. बाण्याचे सूत कितीही वेळा बदला, रेघ जात नाही. ब्लोअरचेही तसेच. खूण नीट वाचली तर दोष कुठे आहे ते खूण स्वतःच सांगते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हीटरचा पंखा वेगळा आणि एसीचा वेगळा असे नेहमीच्या गाड्यांत नसते. पंखा एकच. तो हवा ढकलतो. हवा एसीच्या थंड कॉइलवरून जाते, आणि गरम हवा हवी असेल तर पुढे इंजिनच्या गरम पाण्याच्या छोट्या रेडिएटरमधून जाते. त्या छोट्या रेडिएटरला हीटर कोअर म्हणतात. तेव्हा "आपल्याकडे हीटर लावतो कोण?" म्हणून या पंख्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पावसाळ्यात कसारा घाट चढताना गाडीत चार माणसे असली की काच आतून धुरकट होते, आणि ती साफ ठेवणारा हाच पंखा. नाशिककडच्या थंडीत पहाटे निघणाऱ्यालाही हा अनुभव आहे. शिवाय घाटात इंजिन तापू लागले, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवल्यास इंजिनची थोडी उष्णता बाहेर निघते आणि गाडी सुरक्षित जागी नेऊन उभी करता येते. गाडीत घाम फुटतो, पण इंजिन वाचण्याची शक्यता वाढते. पंखाच बंद असेल तर तोही उपाय हातून गेला.

रचना कशी असते

हाताने नंबर फिरवायच्या साध्या गाड्यांबद्दल आधी बोलू, कारण आपल्या गॅरेजांत त्याच जास्त येतात. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले, ओम्नीचे २०१९ मध्ये. पण त्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, आणि नंतरच्या अनेक गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्येही तत्त्व तेच आहे.

बॅटरीचा करंट फ्यूजमधून, आणि बहुतेक गाड्यांत रिलेमधूनही, मोटारीपर्यंत येतो. मोटारीतून निघून तो वेग कमी-जास्त करणाऱ्या स्विचवाटे बॉडीला, म्हणजे अर्थला मिळतो. काही गाड्यांत स्विच मोटारीच्या आधी असतो, पण हिशेब बदलत नाही. वेग कमी करण्यासाठी वाटेत एक रेझिस्टन्स बसवलेला असतो. त्यात तारेच्या दोन-तीन कॉइल असतात. पहिल्या नंबरवर करंट सगळ्या कॉइलमधून जातो, म्हणून मोटारीला थोडे व्होल्ट मिळतात. दुसऱ्या, तिसऱ्या नंबरवर एकेक कॉइल सुटते. शेवटच्या नंबरवर रेझिस्टन्स पूर्ण वगळला जातो आणि मोटारीला बॅटरीचे सगळे व्होल्ट मिळतात.

एवढी गोष्ट ज्याच्या डोक्यात पक्की बसली, त्याचे अर्धे काम झाले. आता गाडीत बसा, चावी चालू करा आणि चारही नंबर एकेक करून लावा. या तपासणीला एक मिनिट लागते, अवजार काहीच लागत नाही.

पंखा फक्त शेवटच्या नंबरवर चालतो आणि खालच्या नंबरांवर मुका राहतो, तर मोटार चांगली, फ्यूज चांगला, अर्थही चांगला. दोष रेझिस्टन्समध्ये किंवा त्याच्या कपलरमध्ये. अशा गाडीला नवी मोटार सांगणारा कारीगर एक तर शिकलेला नाही किंवा... असो. खालचे नंबर चालतात आणि फक्त शेवटचा चालत नाही, तर रेझिस्टन्सला हात लावू नका. शेवटच्या नंबरची वाट वेगळी आहे, ती तपासा: स्विचचा तो एक पॉइंट, त्याची वायर, आणि काही गाड्यांत त्या नंबरसाठी दिलेला वेगळा रिले. मधला एकच नंबर मेला असेल, तर स्विच किंवा एखादी वायर. कोणत्याच नंबरवर काही नाही, तेव्हा मात्र फ्यूजपासून अर्थपर्यंत सगळी वाट चालावी लागते. ती वाट पुढे सांगतो.

कधी बंद, कधी चालू, आणि पंख्याच्या डब्यावर मुठीने हलकेच ठोकले की सुरू, ही मोटारीतले कार्बन झिजल्याची खूण. पंखा आवाज भरपूर करतो पण तोंडाशी हवा येत नाही, तर विजेचा दोषच नाही. फिल्टर किंवा कॉइल धुळीने बुजली आहे, नाही तर आतली झडप अडकली आहे. टिक-टिक-टिक असा वेगाबरोबर वाढणारा आवाज म्हणजे पंख्यात पान किंवा कागदाचा तुकडा. किंचाळल्यासारखा आवाज म्हणजे मोटारीचे बुश कोरडे पडले. हा शेवटचा आवाज ध्यानात ठेवा.

रेझिस्टन्स जळतो का?

शेवटच्याच नंबरवर चालणारा ब्लोअर ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. कारीगर रेझिस्टन्स बदलतो, चारही नंबर चालू होतात, गिऱ्हाईक पैसे देऊन जाते. दोन-तीन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक पुन्हा दारात. मग "माल डुप्लिकेट निघाला" म्हणून बोळवण होते. कधी माल खरोखरच हलका असतो. पण पुष्कळदा रेझिस्टन्स हा गुन्हेगार नसतो, साक्षीदार असतो. त्याला जाळणारा दुसराच कोणी आत बसलेला असतो.

थोडा हिशेब करू. आकडे उदाहरणाचे आहेत, गाडीगणिक बदलतील. समजा पहिल्या नंबरवर रेझिस्टन्स २ ओहमचा आहे आणि मोटार ३ ॲम्पिअर घेते. रेझिस्टन्समध्ये ६ व्होल्ट खर्च होतात आणि ३ गुणिले ६, म्हणजे १८ वॅट उष्णता निघते. आता मोटारीचे बुश कोरडे पडले किंवा शाफ्ट गंजला. मोटार जड फिरू लागली आणि ३ ऐवजी ५ ॲम्पिअर घेऊ लागली. रेझिस्टन्समध्ये १० व्होल्ट खर्च होतात आणि उष्णता ५ गुणिले १०, म्हणजे ५० वॅट. रेडिओवाल्याकडचे सोल्डरिंगचे हत्यार २५ वॅटचे असते. तशी दोन हत्यारे डॅशबोर्डच्या आत, प्लास्टिकच्या डब्यात, सतत चालू ठेवल्यासारखे हे झाले.

दुसरी गोष्ट. रेझिस्टन्स मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो, म्हणजे पंख्याच्याच हवेने तो थंड राहावा. मोटार जड झाली की करंट वाढतो आणि हवा कमी होते. आगीत लाकडे वाढली आणि पाणी आटले. फिल्टर बुजला असेल तरीही हवा कमी पडते. यंत्रमागाच्या गावांतील बंधूंनी याकडे जास्त लक्ष द्यावे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे कारखान्याच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या गाडीचा फिल्टर काढून पाहा. कापसाच्या बारीक तंतूंची गादी जमलेली आढळेल. काही जुन्या गाड्यांत फिल्टर नसतोच. तेथे ही गादी थेट कॉइलवर आणि रेझिस्टन्सच्या तारांवर बसते. सुके कापसाचे तंतू आणि तापलेली तार यांचे काय होते, ते कारखानदाराला सांगायला नको.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ब्लोअरचा फ्यूज मोठा असतो, कारण शेवटच्या नंबरवर मोटार पुष्कळ करंट घेते. बहुतेक गाड्यांत तो २० ते ३० ॲम्पिअरचा असतो. पट्टीच्या फ्यूजमध्ये पिवळा २० चा, पांढरा किंवा पारदर्शक २५ चा, हिरवा ३० चा. आता वरच्या हिशेबातला करंट पाहा: ५ ॲम्पिअर. ३० चा फ्यूज ५ ॲम्पिअरला कधी उडणार? कधीच नाही. आत ५० वॅटची शेगडी पेटली तरी फ्यूजबॉक्सला त्याची खबर नसते.

म्हणून कंपनी रेझिस्टन्सवरच एक छोटा थर्मल फ्यूज बसवते. तो करंटने उडत नाही, उष्णतेने उडतो. मागाच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये जे काम ओव्हरलोडचे, तेच येथे याचे. काहींमध्ये तो छोट्या नळीसारखा असतो. काहींमध्ये पत्र्याची स्प्रिंग ठराविक उष्णतेला वितळणाऱ्या झाळाने धरून ठेवलेली असते. झाळ वितळला की स्प्रिंग उचलते आणि वाट तुटते. खालचे नंबर बंद, वरचा चालू, ही तक्रार पुष्कळदा येथूनच सुरू होते. म्हणजे ज्याला आपण बिघाड म्हणतो, ते पहारेकऱ्याने केलेले कर्तव्य असते.

"डायरेक्ट" करण्याचा रोग

आता हा पहारेकरी उडाला की आपल्याकडे काय होते? गिऱ्हाइकाला घाई असते, नवा भाग दुकानात नसतो. कारीगर थर्मल फ्यूजच्या दोन टोकांना तारेचा तुकडा लावतो किंवा उचललेली स्प्रिंग साध्या झाळाने पुन्हा चिकटवतो. याला गॅरेजच्या भाषेत "डायरेक्ट केले" म्हणतात. दहा मिनिटांत काम, पंखा चालू, गिऱ्हाईक खूष. स्टार्टर सारखा पडतो म्हणून त्याच्या बटणात आगकाडी खोचून माग चालवणारे लोक आपण पाहिले आहेत. ही तीच गोष्ट. बाजारात मिळणारा कथील-शिशाचा साधा झाळ सुमारे १८३ ते १९० अंश सेल्सिअसला वितळतो. कंपनीने त्या जागी कोणता झाळ कोणत्या अंशासाठी निवडला हे कारीगराला ठाऊक नसते. पंखा चालला म्हणजे संरक्षण परत आले असे नाही.

हा धोका कागदावरचा नाही. ब्रिटनमध्ये वॉक्सहॉल नावाची कंपनी आहे. आपल्याकडे ज्या ओपल कंपनीची ॲस्ट्रा आणि कोर्सा येऊन गेली, तिच्याच गाड्या तेथे वॉक्सहॉल नावाने विकल्या जातात. या कंपनीच्या झाफिरा बी या कुटुंबाच्या गाडीला आगी लागू लागल्या. आग डॅशबोर्डच्या डाव्या बाजूने, ब्लोअरच्या जागेतून निघे. ज्या गाड्यांत ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल नव्हता, म्हणजे ज्यांत आपण वर पाहिला तसा रेझिस्टन्स होता, त्यांचाच हा प्रश्न होता. २०१५ च्या अखेरीस कंपनीने दोन लाखांहून जास्त गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. कंपनीचे म्हणणे होते की बाहेरच्या कारीगरांनी रेझिस्टन्सच्या थर्मल फ्यूजची चुकीची दुरुस्ती केली, म्हणून आगी लागल्या.

पण दुरुस्त करून दिलेल्या काही गाड्यांनाही पुढे आगी लागल्या. २०१६ मध्ये कंपनीला त्याच गाड्या दुसऱ्यांदा बोलवाव्या लागल्या. पाणी शिरून मोटार गंजते, जड होते आणि रेझिस्टन्सला तापवते, ही बाजू तेव्हा पुढे आली. ब्रिटिश पार्लमेंटच्या वाहतूक समितीने चौकशी केली आणि २०१७ च्या अहवालात कंपनीवर कडक ताशेरे ओढले. कंपनीने तपास उशिरा सुरू केला आणि दोष बाहेरच्या दुरुस्तीवर ढकलण्याची घाई केली, असे समितीचे मत पडले.

आपल्या कारीगरांनी या प्रकरणातून दोन्ही बाजू पाहाव्यात. पहिली, डायरेक्ट केलेल्या रेझिस्टन्सने गाडी खरोखर जळू शकते, आणि त्या गाडीत कोणाची मुले मागच्या सीटवर बसलेली असतात. दुसरी, मोठी कंपनी अडचणीत आली की तिचे पहिले बोट गल्लीतल्या कारीगराकडे वळते. त्या वेळी तुमच्या हाताने लावलेला तारेचा तुकडा राखेत सापडला, तर तुमचे म्हणणे कोण ऐकणार? दोष मूळचा कंपनीचा असेल, पण पुरावा तुमच्याविरुद्ध बोलेल.

मोठ्या इंजिनिअरांनीही पहिल्या फेरीत रेझिस्टन्सवरच नजर ठेवली आणि मोटारीकडे उशिरा पाहिले. तेव्हा नुसता भाग बदलून समाधान मानण्याची सवय फक्त आपल्या गल्लीतली आहे असे नाही.

कारणाचा शोध

रेझिस्टन्स काढल्यावर तो हातात घेऊन नीट पाहा. तारा काळ्या पडल्या आहेत का? प्लास्टिक वितळले आहे का? मग कपलर पाहा. कपलरचे एकच घर तपकिरी होऊन वितळले असेल, तर पिन सैल आहे. सैल पिन तापते. तेथे नवा रेझिस्टन्स जुन्याच कपलरमध्ये खोचणे म्हणजे नवे कापड जुन्या मशीनच्या मोडक्या सुईखाली घालणे. कपलर बदला. त्याच जाडीची वायर घ्या, जोड नीट दाबून झाळा आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. चिकटपट्टी तेथे टिकत नाही.

पुढचे काम मोटारीचे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती डाव्या बाजूला ग्लोव्ह बॉक्सच्या खाली किंवा मागे असते आणि तीन-चार स्क्रूवर सुटते. बाहेर काढून पंखा बोटाने फिरवा. चांगला पंखा बोट सोडल्यावरही थोडा फिरत राहतो. लगेच थांबत असेल, खरखरत असेल, शाफ्ट बाजूला हलत असेल, तर रेझिस्टन्स कोणी जाळला ते कळले. मोटारीवर पाण्याचा डाग किंवा गंज दिसला, तर आणखी एक पाऊल मागे जा. पाणी आले कुठून? वायपरखालच्या जाळीत पाहा. गाडी कडुनिंबाखाली किंवा पिंपळाखाली उभी राहत असेल, तर पाने कुजून तेथले पाणी वाहून जाण्याचे भोक बुजते. पहिल्या जोरदार पावसात ते पाणी पंख्याच्या तोंडातून आत उतरते. भोक साफ करायला पाच मिनिटे लागतात. ते न करता नवी मोटार बसवली, तर ती पुढच्या पावसाळ्याची पाहुणी. उंदरांचेही पाहा. फिल्टरच्या डब्यात चिंध्या आणि कागदांचे घर केलेले सापडणे नवलाचे नाही.

करंट मोजता आला तर सर्वांत उत्तम. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर वायरभोवती लावला की आकडा दिसतो. मात्र घरच्या लाईनचा क्लॅम्प मीटर बहुधा फक्त एसी मोजतो, तो येथे उपयोगी नाही. साधा मल्टीमीटर वायर तोडून मध्ये जोडण्याचा विचार करू नका. त्याची मर्यादा बहुतेक १० ॲम्पिअरची असते आणि शेवटच्या नंबरवर ती ओलांडली जाऊ शकते. एकाच मॉडेलच्या चांगल्या गाड्यांचे आकडे कारीगराने वहीत टिपून ठेवावेत. दहा गाड्यांनंतर ती वही कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त कामाची होते.

आता पंखा कोणत्याच नंबरवर चालत नाही, तेव्हाची वाट. फ्यूज काढून डोळ्याने पाहणे पुरेसे नाही, दोन्ही पायांवर करंट येतो का ते पाहा. फ्यूज उडाला असेल तर त्याच नंबराचा बसवा. नवाही लगेच उडाला तर थांबा, मोटार अडकली आहे किंवा वायर बॉडीला लागली आहे. २० च्या जागी ३० चा घालणे हा डायरेक्टचाच धाकटा भाऊ आहे. फ्यूज ठीक असेल तर रिले. नंबर असलेल्या साध्या चौकोनी रिलेत ८५ आणि ८६ ही कॉइलची टोके, ३० वर बॅटरी आणि ८७ वर पुढे जाणारा करंट. त्याच गाडीत तसाच दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून पाहणे सर्वांत सोपे.

त्यानंतर मोटारीच्या कपलरवर तपासा. येथे एक गोष्ट शागिर्दांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. डिजिटल मीटर फसवतो. पिन गंजून केसाएवढी जोड उरली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. मोटार लावली की तेच १२ व्होल्ट पडून जातात. म्हणून २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी झाळून ठेवा आणि मोटारीच्या जागी तो लावा. बल्ब लख्ख पेटला तर वाट चांगली, मिणमिणला तर वाटेत अडथळा. बल्बचे एक टोक मोटारीच्या अर्थऐवजी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावल्यावर तो लख्ख झाला, तर अर्थच्या बाजूला दोष आहे. बॉडीला जिथे अर्थचा बोल्ट आहे तिथला रंग आणि गंज खरवडून तो आवळा. बल्ब लख्ख आणि मोटार मुकी, तेव्हाच मोटार दोषी. तीही बाहेर काढून फ्यूज असलेल्या वायरीने बॅटरीवर एकदा लावून पाहा आणि मगच गिऱ्हाइकाला नवीची किंमत सांगा.

हा बल्ब सगळीकडे खुपसू नका. भारतात जुलै २०१९ पासून ड्रायव्हरसमोरची आणि २०२२ च्या सुरुवातीपासून शेजारच्या सीटसमोरचीही एअरबॅग नव्या गाड्यांत सक्तीची झाली आहे. ग्लोव्ह बॉक्सच्या आसपास तिच्या वायरी असतात आणि कपलर बहुधा पिवळे असतात. त्यांना बल्ब किंवा मीटर लावायचा नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे काम करण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह काढून काही मिनिटे थांबावे. ज्या गाडीत तापमानाचा आकडा लावतात आणि पंखा आपोआप कमी-जास्त होतो, तिच्यात तारेचा रेझिस्टन्स नसून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते. त्याला वरचा चार नंबरांचा नियम लागू नाही आणि अंदाजाने जंपर मारल्यास मॉड्यूल जागीच जाते. ज्याच्याकडे त्या गाडीचा नकाशा आहे, त्यानेच ते काम घ्यावे.

पंखा उत्तम चालतो पण हवा गरम येत नाही, हा वेगळा विषय. कूलंट कमी असेल, थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल किंवा गरम-थंडची केबल सुटली असेल. गाडीत गोडसर वास, काचेवर तेलकट थर आणि पायाखालची चटई ओली, ही हीटर कोअर गळत असल्याची खूण. गरम इंजिनवर रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सांगायची गरज नसावी, पण हात भाजलेले शागिर्द दरवर्षी दिसतात.

व्यवहाराची बाजू

आता व्यापारी बंधूंना दोन शब्द. कारीगराने तासभर तपासणी करून वायपरखालचे भोक साफ केले, अर्थचा बोल्ट आवळला आणि ब्लोअर चालू केला. भाग एकही बदलला नाही. तेव्हा आपण म्हणतो, "काय केलेस? पैसे कशाचे?" हीच आपली सवय कारीगराला भाग बदलायला शिकवते. कारण भागाचे पैसे आपण न बोलता देतो आणि अकलेचे देताना घासाघीस करतो. मोटारीची किंमत हजारांत, रेझिस्टन्सची काही शे रुपयांत. नको असलेली मोटार टळली तर तपासणीची मजुरी त्यातच निघून जाते. तेव्हा गाडी देतानाच "तपासणीचे अमुक, भाग लागल्यास विचारून" असे ठरवावे.

कारीगर बंधूंनी बिलावर दोष, कारण आणि बदललेला भाग या तिन्ही गोष्टी लिहाव्यात. जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, हा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आला आहे. विकणाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारले गेले. पाऊस पडणे त्या माणसाच्या हातात नव्हते, ओलावा झाकणे हातात होते. डॅशबोर्डच्या आत लपलेला तारेचा तुकडा हा असाच झाकलेला ओलावा आहे. गिऱ्हाईक कधी आत डोकावणार नाही, म्हणून तर जबाबदारी जास्त.

गिऱ्हाईकच "डायरेक्ट करून दे, माझी जबाबदारी" म्हणाले तर? तसे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्याला नकार देताना भांडण्याची गरज नाही, कारण डायरेक्ट न करताही त्याची अडचण भागते. मोटार मोकळी फिरत असेल, तर रेझिस्टन्स जळालेल्या गाडीत शेवटचा नंबर तसाच चालतो. त्याची वाट रेझिस्टन्समधून जात नाही आणि त्या वाटेवर फ्यूजबॉक्सचा फ्यूज पहारा देतो. नवा भाग येईपर्यंत त्याने शेवटचाच नंबर वापरावा, बाहेरची हवा घेणारी झडप उघडी ठेवावी, काच साफ राहील. आवाज जास्त वाटला तर थोडा वेळ लावून बंद करावा. मोटार जड असेल, किंचाळत असेल किंवा जळका वास येत असेल, तर मात्र ब्लोअरचा फ्यूज काढून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवावा, दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली करून गाडी चालवायला सांगावे, आणि भाग कोणत्या दिवशी येईल ती तारीख बिलाच्या मागे लिहून द्यावी.